सावित्रीचा नवा पूल 165 दिवसांत झाला म्हणजे घाईत झाला का? आणि जुना नेमका का गेला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाडजवळ सावित्रीवरचा 1928 चा दगडी पूल 2016 ला वाहून गेला आणि त्याच्या जागी 165 दिवसांत नवा उभा राहिला. विचारणाऱ्याचं म्हणणं, गणपतीला गावी जाताना त्या पुलावर गाडी चढली की पोटात गोळा येतो, 88 वर्षं टिकलेला पूल पडतो तर साडेपाच महिन्यांत बांधलेल्याचा काय भरवसा? आणि जोडीला नेहमीचा प्रश्न, ब्रिटिशांसारखं काम आता का होत नाही?

माझी सगळी नोकरी पुलांच्या साइटवर गेली, त्यातही पाया आणि पिअर, म्हणजे पात्रातला खांब, हाच विषय, त्यामुळे उत्तर लांबणार आणि थोडं पाण्याखालचंच जास्त असणार, चालवून घ्या. आधी मुद्दा सांगून टाकतो म्हणजे ज्याला घाई आहे तो इथेच सुटेल. नदीवरचा पूल बहुतेक वेळा खालून मरतो. वरच्या ट्रकनी, एसट्यांनी, ट्रॅफिक जॅमनी मरणारे पूल फार थोडे. त्यामुळे पूल किती दिवसांत बांधला यापेक्षा त्याचा पाया किती खोल, कशावर टेकलाय आणि दर पावसाळ्यानंतर त्या पायाशी कोण जाऊन बघतंय, हे विचारायला पाहिजे.

2 ऑगस्ट 2016 ची ती रात्र आठवत असेलच. महाबळेश्वर, पोलादपूरच्या डोंगरात धो धो पाऊस, सावित्री दुथडी भरून, आणि रात्री अकराच्या आसपास जुन्या पुलाचे गाळे, म्हणजे दोन खांबांमधले भाग, गेले. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई अशा दोन एसट्या आणि काही छोट्या गाड्या पाण्यात गेल्या. एनडीआरएफ, नौदल, तटरक्षक दल सगळे उतरले, क्रेनला 300 किलोचं लोहचुंबक बांधून तळ धुंडाळला, नदीत मगरी, पाणी गढूळ, ओढ एवढी की बोट एका जागी ठरत नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती आणि त्यात धोका दिसला नव्हता, असं सरकारकडून सांगितलं गेलं. लोक चिडले, आणि चिडायलाच पाहिजे होतं. पण मी ते ऐकलं तेव्हा मला त्यात आश्चर्य वाटलं नाही, का ते पुढे सांगतो.

त्या रात्रीची एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. जुन्या पुलाच्या शेजारीच नंतर बांधलेला समांतर पूल होता. गोव्याकडे जाणारी वाहतूक त्यावरून आणि मुंबईकडे येणारी जुन्यावरून, म्हणून तर दोन्ही एसट्या मुंबईकडे निघालेल्या होत्या. तीच नदी, तोच पूर, तेच पाणी, आणि समांतर पूल जागचा हलला नाही. पुढे तपासून त्याच्यावरूनच वाहतूक चालू केली. दोन पुलांमधे फरक वयाचा होताच, पण त्याहून मोठा फरक पाण्याला किती वाट ठेवलीय आणि पाया कसा आहे याचा असतो.

आता पाणी करतं काय ते बघा. वाहतं पाणी पिअरवर आपटलं की ते दोन्ही बाजूंनी निघून जातं असं आपल्याला वरून दिसतं. प्रत्यक्षात आपटलेल्या पाण्याचा बराच भाग पिअरच्या तोंडाला धरून सरळ खाली तळाकडे जातो, तिथे भोवरा तयार होतो, आणि तो भोवरा घोड्याच्या नालेसारखा पिअरच्या बुंध्याला वेढा घालून तळाची वाळू, गोटे, मुरूम उकरून मागे फेकत राहतो. ह्याला आम्ही स्कावर म्हणतो. पूर जेवढा जोरात तेवढा खड्डा खोल. आणि पिअर जेवढा जाड, जेवढा चौकोनी, तेवढा भोवरा दांडगा.

पाण्याचा दाबही बघून घ्या. आयआरसी 6, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुलांच्या नियमावलीत, सूत्र आहे, दाब म्हणजे 52 गुणिले आकाराचा गुणांक गुणिले वेगाचा वर्ग, उत्तर किलो प्रति चौरस मीटरमधे. चौकोनी तोंडाच्या पिअरला गुणांक 1.5, अर्धगोल तोंडाला 0.66. म्हणजे सेकंदाला 3 मीटर वेगाने पाणी येत असेल तर चौकोनी पिअरवर प्रत्येक चौरस मीटरला 700 किलो आणि गोलावर 310 च्या आसपास, निम्म्याहूनही कमी. आणि वेगाचा वर्ग असल्यामुळे पाणी दुप्पट वेगाने आलं की दाब चौपट. म्हणून आजचे पिअर गोल किंवा टोकं गोल केलेले दिसतात, ते शोभेसाठी नाहीये.

पाया किती खोल न्यायचा हे कसं ठरतं तर त्यासाठी लेसीचं सूत्र. पाण्याचा विसर्ग आणि तळाच्या मातीचा जाडेपणा घातला की पूर आल्यावर तळ सरासरी किती खोल जाईल ते येतं, आणि पिअरपाशी ते दुप्पट धरायचं, ॲबटमेंटला, म्हणजे काठावरच्या टोकाच्या आधाराला, 1.27 पट. उदाहरण म्हणून, पात्राच्या एका मीटर रुंदीतून सेकंदाला 20 घनमीटर पाणी जातंय आणि तळाला जाडी वाळू आहे, जाडेपणाचा आकडा, म्हणजे सिल्ट फॅक्टर, 1.5, तर सरासरी येते साधारण 8.6 मीटर आणि पिअरपाशी 17 मीटरच्या वर. हे पुराच्या उच्चतम पातळीपासून खाली मोजायचं. आणि पाया त्याच्याही खाली जायला पाहिजे. म्हणजे उन्हाळ्यात जिथे तुम्ही वाळूत उभे राहून फोटो काढता ती वाळू पुरात तिथे नसतेच, पूल त्यावेळी एकटा त्याच्या पायावर उभा असतो.

कोकणात एक सोय आहे, कातळ वर आहे. बऱ्याच ठिकाणी थोडं खोदलं की काळा दगड लागतो, मग सूत्राची कटकट संपते, पाया त्या कातळात शिरवायचा, कठीण खडक असेल तर किमान 0.6 मीटर आणि मऊ असेल तर दीड मीटर. पण इथेच फसायला होतं कारण वरून टणक दिसणारा थर कधी कधी मोठ्या गोट्यांचा असतो, त्याच्या खाली पुन्हा माती. म्हणून प्रत्येक पिअरच्या जागी बोअर घ्यायचा असतो, दोन पिअर सोडून एक असं नाही, प्रत्येक ठिकाणी. या बाबतीत मी हट्टी आहे, बोअरचे पैसे वाचवणाऱ्याशी माझं कधी जमलं नाही.

आता तो मे महिन्यातला मुद्दा. स्कावरची सगळ्यात वाईट खोड ही की पूर ओसरताना पाण्याचा जोर कमी झाला की वाहून आलेली वाळू, गाळ त्याच खड्ड्यात परत येऊन बसतो. वरून तळ सपाट दिसतो. पण आत भरलंय ते भुसभुशीत, पुढच्या पुरात पहिल्या तासात निघून जाणारं. म्हणजे उन्हाळ्यात तुम्ही पात्रात उतरून, टॉर्च मारून, दगड ठोकून बघितलं तरी पूल ठणठणीत दिसू शकतो, आणि बघणारा खोटं बोलत नसतो. त्याने जे बघितलं ते बरोबर, जे बघायला हवं होतं ते गाळाखाली. ह्यावर उपाय आहेत, पाणी असताना सोनार लावून तळाची खोली मोजणं, पाणबुडे उतरवून पायाला हात लावून बघणं, सळई खुपसून कुठपर्यंत भुसभुशीत आहे ते तपासणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दरवर्षीची मापं जपून ठेवून मागच्या वर्षीशी ताडून बघणं. एका वर्षाचं माप काहीच सांगत नाही. नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीला मी तपासणी म्हणतच नाही, ती भेट.

दगडी कमानीच्या पुलाला आणखी एक अडचण असते. कमान दोन्ही बाजूंना रेटा देत असते. शेजारच्या दोन कमानी एकमेकींचा रेटा मधल्या खांबावर तोलून धरतात म्हणून खांब सरळ उभा राहतो. एक खांब खालून उकरला जाऊन कलला की त्याच्यावरच्या दोन्ही कमानी जातात, आणि त्या गेल्या की पुढच्या खांबावर एकाच बाजूने रेटा उरतो, तो तेवढा तोलायला बांधलेला नसेल तर तोही जातो. पत्त्यांच्या बंगल्यासारखं. म्हणून कमानीचा पूल जातो तेव्हा एक गाळा जाऊन थांबत नाही. आजच्या बऱ्याच पुलांत प्रत्येक गाळ्याचे गर्डर, म्हणजे आडव्या तुळया, आपापल्या दोन पिअरवर टेकलेले असतात, तिथे एक पिअर गेला तर दोन गाळे जातील, बाकीचे राहण्याची शक्यता तरी असते. तेही वाईटच, पण वेगळं.

शिवाय जुन्या बांधकामात चुना. चुन्याचं काम उत्तम असतं हो, पण वर्षानुवर्षं सांध्यांतून पाणी झिरपलं की तो धुऊन जातो, दगड नुसते एकावर एक बसलेले राहतात, मग तिथे उंबर नाहीतर पिंपळ उगवतो, मुळं सांधे उघडतात. दगडी पुलाच्या अंगावर हिरवं झाड दिसलं की लोकांना छान वाटतं, आमच्या छातीत धडकी भरते.

ब्रिटिशांच्या कामाबद्दल आता. त्यांनी चांगलं बांधलं ह्यात वाद नाही, घाटातल्या रेल्वेच्या कमानी आजही गाड्या वाहतायत. पण आपण फक्त टिकलेले पूल मोजतो. जे त्यांच्याच काळात वाहून गेले, ज्यांच्या जागी नवे झाले, ते डोळ्यांसमोर नसतात. आणि दुसरं, असे दगडी पूल कमानीचे असत त्यामुळे गाळे छोटे, खांब जाड आणि भरपूर. शंभर मीटर पात्रात जेवढी जागा खांबांनीच खाल्ली तेवढं पाणी वरच्या बाजूला फुगतं, उरलेल्या फटींतून जास्त वेगाने निघतं आणि जास्त खणतं. म्हणजे तो भक्कमपणाच पुरात अंगाशी येतो. आज 30-40 मीटरचे गाळे सहज टाकता येतात, पात्रात पिअर कमी, पाण्याला वाट मोकळी. आणि हो, ते व्हॉट्सॲपवर दर पावसाळ्यात फिरतं ना, की इंग्लंडहून पत्र आलं होतं पुलाची मुदत संपली म्हणून, त्याच्यावर विसंबून राहू नका. पत्राची वाट बघून पूल सांभाळले जात नाहीत, आपला पूल आपणच तपासायचा.

ह्या विषयातली मला सगळ्यात जवळची वाटणारी घटना पोर्तुगालची आहे. 4 मार्च 2001, डौरो नदीवरचा हिंत्झे रिबैरो पूल, 1887 चा, रात्रीची वेळ, नदीला पूर, एक पिअर गेला आणि त्याच्यासोबत एक बस आणि मोटारी. 59 माणसं गेली. सावित्रीची बातमी वाचताना मला तेच आठवत होतं. तिथे चौकशीत निघालं की वर्षानुवर्षं नदीतून वाळू काढल्यामुळे तळ खाली गेला होता आणि पिअरचा पाया उघडा पडला होता. त्यांच्या मंत्र्यांनी त्याच रात्री राजीनामा दिला.

वाळूचा विषय निघालाच आहे तर बोलतो. आपल्या नद्यांमधे, खाड्यांमधे सक्शन पंप लावून जी रेती उपसतात तिचा आणि पुलाचा थेट संबंध आहे. नदीचा तळ म्हणजे पुलाच्या पायाचं पांघरूण. पुलापासून दूर उपसली तरी खड्डा तिथेच राहत नाही, वरच्या बाजूची वाळू सरकून खड्ड्यात येते आणि तळ उतरत उतरत पुलापाशी पोचतो. पायाची खोली ठरवताना जो तळ धरलेला असतो तोच दोन मीटर खाली गेला तर डिझाइन कितीही चोख असू द्या, हिशोब बिघडला. पुलाच्या जवळपास उपशाला बंदी असते कागदावर. रात्री कोण बघतो.

आता 165 दिवस. नवा पूल सुमारे 239 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद, तीन लेन, खर्च 35 कोटींच्या घरात. मुदत 180 दिवसांची होती, 5 जून 2017 ला उद्घाटन झालं. उलटं मोजा म्हणजे काम डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू झालं. कोकणात पात्रातलं काम कधी करता येतं? पाऊस पूर्ण थांबून पाणी उतरल्यावर, ते जूनचा पहिला पाऊस येईपर्यंत. म्हणजे हा पूल एका उघाडीत बसवला. आणि तसं करणं हेच शहाणपणाचं होतं, अर्धवट पिअर, उभं शटरिंग आणि पात्रात टाकलेला भराव घेऊन सावित्रीच्या पावसाळ्यात उभं राहणं हे जास्त धोक्याचं.

मग इतर पुलांना तीन-चार वर्षं का लागतात असं विचाराल. कारण काँक्रीटला वेळ लागत नाही, कागदाला लागतो. जमीन मिळत नाही, वीजेच्या तारा हलत नाहीत, ठेकेदाराचं बिल थकतं, वन खात्याची परवानगी, डिझाइनचे ड्रॉइंग मंजूर व्हायला दोन दोन महिने. इथे जागा आधीचीच, निधी हातात, ड्रॉइंग मंजूर करणारे रोज फोनवर, आणि सगळ्या राज्याचं लक्ष. तसं झालं की 240 मीटरचा पूल एका हंगामात होतो, त्यात जादू नाही. पाया चालू असतानाच यार्डात गर्डर ओतायला घेतात, पिअर तयार होईपर्यंत गर्डर तयार. प्रत्येक पिअरला वेगळी गँग आणि वेगळा शटरिंगचा संच, एक संच फिरवत बसलात तर वेळ तिथेच जातो. दोन किंवा तीन पाळ्या, रात्री फ्लडलाइट.

जे वेगाने करता येत नाही ते दोनच. काँक्रीट पिकायला लागणारा वेळ, 28 दिवसांची ताकद 28 दिवसांनीच कळते, नमुन्याचा ठोकळा, म्हणजे क्यूब, फोडल्यावर. गर्डरच्या पोटातल्या पोलादी केबल ताणायच्या आधी ठरलेली ताकद आलीच पाहिजे, त्याला सूट नाही. आणि पायाचा तळ मंजूर करणं. खड्डा कातळापर्यंत गेला की भूगर्भवाल्याने खाली उतरून बघायचं, हातोडी मारायची, सही करायची, मगच काँक्रीट. घाई कुठे नडते तर इथे. संध्याकाळी काँक्रीटचे ट्रक उभे आहेत, खड्ड्यात पाणी भरतंय, पंप अपुरे पडतायत, आणि कुणीतरी म्हणतं साहेब ठीक आहे की आता किती साफ करणार. त्या क्षणाला जो माणूस काँक्रीट परत पाठवतो त्याच्या जिवावर पूल शंभर वर्षं उभा राहतो. आयआरसी 112 मधे पुलाचं आयुष्य 100 वर्षं धरायला सांगितलंय, आकडा लिहिणं सोपं आहे.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर, नाही, 165 दिवस ही घाईची खूण नाहीये. त्यानंतर महाडने जुलै 2021 चा पूर बघितला, शहर पाण्याखाली गेलं, खाडीची भरती आणि वरून येणारं पाणी एकाच वेळी, आणि पूल वापरात आहे. एका पुराने सगळं सिद्ध होत नाही, पण पहिली मोठी परीक्षा झाली असं म्हणता येईल.

नव्या पुलांना मरण नाही असं मात्र समजू नका. त्यांचे आजार वेगळे. गोव्यात मांडवीवरचा 1970 ला सुरू झालेला पूल 5 जुलै 1986 ला कोसळला, सोळा वर्षांत. त्या काळात प्रीस्ट्रेसिंग आपल्याकडे तसं नवीनच. काँक्रीटच्या पोटात ज्या ताणलेल्या पोलादी केबल असतात त्यांना गंज चढला. खारी हवा, केबलच्या नळीत ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ लगदा, नीट न भरल्याने राहिलेली पोकळी, आणि पोलाद आतल्या आत खाल्लं जातं, बाहेर रंग चकचकीत. पुढे कित्येक वर्षं पणजीकर फेरीबोटीतून ये-जा करत होते. आता त्याच नदीवर अटल सेतूही आहे, 2019 चा, केबल-स्टेड, म्हणजे तिरप्या तारांनी पेललेला, आणि आता नळ्या लोखंडाऐवजी प्लास्टिकच्या, ग्राउटचं मिश्रण वेगळं. ठोकर खाऊन शिकलेलं शहाणपण आहे ते.

9 जुलै 2025 ला गुजरातेत मही नदीवरचा गंभीरा पूल, 1985 चा, भर सकाळी त्याचा गाळा खाली गेला आणि वीसेक माणसं दगावली. प्राथमिक तपासणीत पेडेस्टल आणि आर्टिक्युलेशन जॉइंट चिरडल्याचं सांगितलं गेलं, म्हणजे जिथे वरचं ओझं खालच्या आधारावर टेकतं ती जागा. आणि आपल्याच ह्या रस्त्यावर, एनएच 66 वर पुढे कारवारला काळी नदीवरचा जुना पूल 7 ऑगस्ट 2024 च्या मध्यरात्री पडला, शेजारचा नवा उभा. चित्र ओळखीचं वाटतंय ना? जोडपूल, त्यातला जुना, ऑगस्ट महिना, रात्र. आपल्याकडे महामार्ग चौपदरी करताना जुना पूल तसाच ठेवून बाजूला नवा बांधायची पद्धत आहे आणि जुन्याला एका दिशेची वाहतूक देऊन टाकायची. खर्च वाचतो. पण मग निम्मा महामार्ग जुन्या पायावर चालत असतो हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

वरून ओझं झालं म्हणून पडणारे पूलही असतात, मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पादचारी पूल जून 2025 ला गर्दीने पडला तसा. पण तो महामार्गाचा पूल नव्हे. महामार्गाचा पूल क्लास 70आर नावाच्या, हिशोबासाठी ठरवलेल्या जड गाडीसाठी बघितलेला असतो, त्यात चाकांचा ताफा 100 टनांचा धरतात. तुमची एर्टिगा आणि मागची एसटी मिळून त्याच्या आसपासही जात नाहीत.

आता गाडीतून जाता जाता तुम्हाला काय बघता येईल. पुलावर चढताना आणि उतरताना धप्प होतं ना, त्याला घाबरू नका, तो पूल नाही, पुलाआधीचा भराव खचलेला असतो, चीड येण्यासारखं आहे पण जीवघेणं नाही. पुलावर जॅममधे उभे असताना बाजूने ट्रक गेला की पूल हलतो, तोही हलणारच, गर्डर वाकून परत येतो म्हणूनच तो काम करतो. गाळ्यांच्या सांध्यावर खट्खट् वाजतं तेही ठीक, 40 मीटरचा गाळा 30 अंशांच्या तापमानफरकाला 14 मिलिमीटरच्या आसपास लांबतो, त्याला जागा हवी म्हणून ती फट. पण त्या सांध्याची रबरी पट्टी निघून लोंबतेय, लोखंडी पट्टी उचकटून वर आलीय किंवा आवाज एकदम बदलून खणखणीत झालाय तर ते कळवण्यासारखं आहे. त्या फटीतून पाणी खाली बेअरिंगवर, म्हणजे गर्डर ज्यावर टेकतो त्यावर, जातं आणि वर्षानुवर्षं तिथे चिखल साचून राहतो.

मला विचाराल तर पुलाची तब्येत कळायची सगळ्यात स्वस्त खूण म्हणजे पावसाळ्यात पाणी जायचे पाइप. ते मातीने बुजलेत, पुलावर डबकी आहेत, कठड्याच्या कडेला गवत उगवलंय, तर समजा की इथे वर्षात कोणी फिरकलेलं नाही. ज्याला झाडू मारायला वेळ नाही तो पाण्याखालचा पाया कशाला बघेल. सावित्रीच्या दुर्घटनेनंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमधे केंद्राने देशभरातल्या पुलांची नोंद ठेवणारी आयबीएमएस सुरू केली, लहानमोठे पूल आणि मोऱ्या धरून दीड लाखाच्या वर मोजले, नंबर दिले. चांगलं काम, पण नोंद करणं वेगळं आणि गाळ उकरून पाया बघणं वेगळं.

उन्हाळ्यात थांबलात कधी तर खाली उतरून पिअरचा बुंधा बघा. विहिरीच्या पायाची वरची टोपी, म्हणजे वेल कॅप, किंवा पाइल कॅपखालचे पाइल उघडे दिसतायत का? काही पूल तसेच डिझाइन केलेले असतात त्यामुळे लगेच घाबरू नका, पण जिथे आधी दिसत नव्हते आणि आता दिसतात तिथे गावातली माणसंच सर्वात चांगली साक्षीदार. नदीकाठचा म्हातारा कोळी सांगेल की इथे आमच्या लहानपणी कुठवर वाळू होती. मी साइटवर गेलो की आधी त्यांनाच गाठायचो, कारण पुराची पातळीही ह्यांनाच माहीत, अमक्या साली पाणी देवळाच्या कितव्या पायरीला लागलं वगैरे. सरकारी नोंदीपेक्षा ती पायरी बऱ्याचदा खरी निघते.

तक्रार करायची असेल तर नुसतं "पूल धोकादायक आहे" असं लिहू नका, ते फाइलला लागतं आणि तिथेच राहतं. किलोमीटरच्या दगडाचा आकडा, नदीचं नाव, मुंबईकडची बाजू की गोव्याकडची, वरच्या अंगाला की खालच्या, कितवा पिअर, आणि तारखेसह फोटो, शक्य असेल तर मागच्या वर्षीचा त्याच जागेचा फोटो सोबत. असं पत्र इंजिनिअरला बाजूला टाकता येत नाही, कारण पुढे काही झालं तर ते त्याच्या नावावर असतं.

आणि पुरात पुलावरून जायचं का, ह्याचं उत्तर. पुराचं पाणी आणि गर्डरचा तळ ह्यांच्यात मोकळी जागा ठेवलेली असते, मोठ्या नदीला 1.2 ते 1.5 मीटर. पाणी गर्डरला टेकायला आलंय, मधे झाडाचे ओंडके अडकलेत, तर डिझाइनमधला पूर तुमच्या समोर आलाय असं समजा आणि थांबा, मागे सगळे हॉर्न मारू देत. दिवसा असाल तर पुलावर चढण्याआधी कठड्याच्या रेषेकडे एकदा नजर टाका, ती सरळ किंवा एकसारखी कमानदार जायला पाहिजे. मधेच एका ठिकाणी ती खाली दबलेली किंवा एका बाजूला मुडपलेली दिसली तर गाडी तिथेच आडवी लावा, हॅझर्ड लाइट चालू करा आणि मागच्यांना थांबवा, 112 वर फोन नंतर. सावित्रीलाही त्या रात्री पुलाशेजारच्या गॅरेजवाल्यांनी रस्त्यावर येऊन गाड्या थांबवल्या होत्या, नाहीतर मुंबईकडे येणाऱ्या आणखी किती गेल्या असत्या. रात्री कठडा दिसत नाही, त्यामुळे ऑगस्टच्या पावसात, नदी फुगलेली असताना, जुन्या पुलाच्या बाजूने रात्रीचा प्रवास टाळता येत असेल तर मी स्वतः टाळतो, पोलादपूरला नाहीतर महाडला चहा घेत उजाडायची वाट बघतो.